सड्यावरची बोन्साय नर्सरी: जुनिपर घेऊन जाणार असाल तर आधी हे वाचा

आधी गुण सांगते, मग कारणं. कुंडी बदलण्याच्या कामाला पाचपैकी पाच. छाटणी आणि फांद्या वळवायला तारा बांधण्याला चार. नंतरच्या सेवेला दोन, आणि तेही मालक पोरगा बोलायला गोड आहे म्हणून.

नर्सरीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीही आहेत आणि आमचं गाव लहान. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या दिशेने निघालात की चढ संपून सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, लागतो. तिथे कातळावर हिरव्या शेडनेटचा मांडव दिसेल, तीच. बाहेर पाटी आहे, पण ती वडाच्या पारंब्यांत अर्धी गेलीये.

झाड माझं नव्हे, धाकट्या भावोजींचं. कोथरूडच्या गच्चीवर त्यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. सोसायटीची इमारत पाडायला निघाली तेव्हा भाड्याच्या फ्लॅटला ऊन नाही म्हणून गाडीत घालून इकडे आणून ठेवलं. "वहिनी, तुमच्याकडे एवढी आंब्याची झाडं आहेत, त्यात हे एक." त्यात हे एक! आमची हापूसची बाग आहे, झाडांची भीती मला नाही. पण हे शिंपाकू, म्हणजे चिनी जुनिपरची जपान्यांची लाडकी जात. ते थंडीचं झाड. इथे आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि उरलेले महिने खारा वारा.

झाडाचं रूप असं. मनगटाएवढं खोड, बुंध्याशी एक फार सुरेख वळण, आणि एका बाजूची साल वाळून गेलेली, आत राखाडी लाकूड उघडं. इथपर्यंत छान. पण त्याच्या वर एकाच उंचीवर समोरासमोर दोन सारख्या जाडीच्या फांद्या, बैलाच्या शिंगांसारख्या. पाला सगळा टोकांना, आत नुसत्या काठ्या. आंब्याचं जुनं खोड कापलं तरी त्याला फूट येते, आम्ही जुन्या बागा तशाच नव्या करतो. जुनिपरला ते नाही. पाला नसलेल्या जुन्या लाकडावर त्याला सहसा फूट येत नाही. म्हणजे आतल्या काठ्या आखूड करता येत नाहीत; आहे तो टोकाचा पालाच कसातरी खोडाजवळ वळवून आणावा लागतो. अवघड म्हणतात ते हे. आणि खाली कुंडीत पुण्याची काळी माती, घट्ट बसलेली.

आधी शहरातल्या एका नर्सरीत विचारलं होतं. त्यांनी झाडाकडे धड बघितलंही नाही. "मुळं धुवून, अर्धी कापून, नवी माती, वरून गोल छाटून देतो. दोन तासांत न्या. अठराशे." मी झाड परत गाडीत ठेवलं.

सड्यावरच्या पोराने पहिल्यांदा काय केलं, तर खोड धरून हलकेच हलवून बघितलं. मग पाल्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारली. कागदावर धुळीसारखे ठिपके पडले आणि त्यातले काही चालू लागले. लाल कोळी. बोटाने पुसले तर कागदावर फराटे उमटले. नंतर त्याने कुंडीत मगभर पाणी ओतलं आणि आम्ही दोघं बघत उभे राहिलो. पाणी तसंच उभं. त्याचा माणूस चहा घेऊन आला, आमचा चहा पिऊन झाला, तरी वर पाणी चकाकत होतं.

"काकी, हे असंच पावसात गेलं तर श्रावण बघणार नाही," तो म्हणाला. "माती बदलायलाच हवी. पण या हंगामात फक्त मुळं. पाल्याला कात्री लावणार नाही."

मी म्हटलं, दोन्ही करून टाक, दोन्हीचे पैसे देते, मला पुन्हा पुन्हा येणं जमत नाही. तर म्हणतो, "पैशांचा प्रश्न नाही हो. मुळंही कापली आणि पालाही कापला, तर ते उभं राहणार कशाच्या जोरावर?"

त्याने समजावलं ते माझ्या डोक्यात नीट बसलं, म्हणून इथे लिहिते. जुनिपर आपली ताकद पाल्यात साठवतं. मुळं कापल्यावर नवी मुळं फुटतात ती त्या पाल्याच्या जिवावर. म्हणून ज्या हंगामात मुळं कापायची, त्या हंगामात पाला राखायचा. दुसरं, मुळं सगळी एकदम मोकळी करायची नाहीत. यंदा मुळं-मातीच्या गड्ड्याची अर्धी बाजू, उरलेली अर्धी एक-दोन वर्षांनी. तिसरी गोष्ट मला नवी होती. जुन्या जुनिपरमध्ये एकेक जाड मूळ खोडाच्या ठरावीक पट्ट्याला आणि त्याच्या वरच्या फांदीला पोसतं. चुकीचं मूळ तोडलंत, तर वरची नेमकी तीच फांदी वाळते. आमच्या झाडाची ती वाळकी बाजू कदाचित अशाच कुठल्या जुन्या कापाकापीची असेल.

ज्याला पैशांची गरज आहे असा माणूस (नवीन शेडचं काम अर्धवट पडलेलं दिसत होतं) समोरून येणारे पैसे नको म्हणतो, तेव्हा मी त्याच्याकडे काम देते. बागायतीतला हा माझा जुना आडाखा आहे.

कुंडी बदलायचं काम जानेवारी अखेरीस झालं, थंडी अजून होती आणि मोहोराच्या फवारणीतून मला एक दिवस निघत होता. मी पूर्ण वेळ बसून बघितलं. तो बसू देतो, हेही लिहून ठेवते, कारण पुष्कळ जण गिऱ्हाइकाला हाकलतात.

गड्डा कुंडीतून निघाला तो कुंडीच्याच आकाराचा. बाहेरून मुळांची जाळी, आत काळ्या मातीची वीट. त्याने पाण्याचा पाइप वापरला नाही. एका बाजूने लोखंडी आकडीने आणि मग बांबूच्या बारीक काडीने माती उकरत गेला, आतून बाहेर, मुळाच्या दिशेने, एकही मूळ आडवं न ओढता. एका कोपऱ्यातली मुळं काळी पडली होती, चिमटीत धरली की साल मोज्यासारखी निघून यायची आणि खाली नुसता दोरा. ती सगळी कापली. दुसऱ्या कोपऱ्यात मुळांवर पांढरी बुरशी होती. मी बागायतदारीण, बुरशी दिसली की माझा हात बाविस्टिनच्या पुडीकडे जातो. त्याने हात आडवा केला. "ही झाडाची आहे. हिच्यामुळे त्याला पाणी आणि अन्न मिळतं. हिला धुवायचं नाही." उलट ती बुरशी असलेली थोडी माती त्याने मूठभर बाजूला काढून नव्या मिश्रणात मिसळली.

आता मिश्रण. बोन्सायवाल्यांचं सगळं लक्ष जपानी आकाडामाकडे असतं. ही भाजल्यासारखी दिसणारी मातीची दाणेदार खडी, बाहेरून येते आणि किंमत ऐकली की आंब्याची पेटी आठवते. याच्याकडे एक पोतं आहे, पण त्याने ते आमच्या झाडाला वापरलं नाही. त्याचं म्हणणं, आपल्या चार महिन्यांच्या पावसात तिचा लवकर चिखल होतो. तो वापरतो चिरा. आपला जांभा चिरा, घरं बांधतो तो. फोडून, तीन चाळण्यांतून चाळून, तीन ते सहा मिलिमीटरचे दाणे ठेवायचे आणि धूळ फेकून द्यायची. त्यातही खाणीतला ताजा चिरा नको, तो मऊ असतो. पाडलेल्या जुन्या घरांचे चिरे घेतो, वारा-ऊन खाऊन टणक झालेले. चुना लागलेले बाजूला काढतो. जांभा जमिनीतून काढताना सुरीने कापता येतो आणि हवेत कडक होतो, हे फ्रान्सिस बुकानन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरने मलबारात बघून 1807 मध्ये पुस्तकात छापलं होतं. आमच्या खाणीवरचे गवंडी ते न वाचता जगले. पण चिऱ्यात झाड लावायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि हे डोकं लढवल्याबद्दल पाचातला एक गुण आहे.

चिऱ्यासोबत थोडं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे), थोडा कोळसा. कोकोपीट अजिबात नाही. नारळाच्या प्रदेशात बसून कोकोपीटला नको म्हणणारा नर्सरीवाला मी पहिल्यांदा बघितला. ते पाणी धरून ठेवतं, पावसात तेच नको असतं.

झाड कुंडीत बसवल्यावर भोकांतून तारा वर घेऊन गड्डा कुंडीला बांधला. वाऱ्याने झाड हललं की नवी केसमुळं तुटतात, म्हणून. नंतर काडीने टोचत टोचत दाणे मुळांच्या मध्ये घातले. हे काम फार कंटाळवाणं आहे आणि त्याने ते माणसाकडे न देता स्वतः केलं. शेवटी पाणी, खालून स्वच्छ येईपर्यंत. आधी विटकरी लाल, मग गुलाबी, मग नितळ. या वेळी पाणी वर थांबलं नाही, ओतलं तसं गेलं.

घरी देताना मात्र पॅकिंग शून्य. माझ्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर झाड नुसतं टेकवून ठेवलं. मी चादर गुंडाळली, पुढे बसलेल्या भाच्याने मागे हात घालून धरलं, आणि आम्ही भाट्याचा उतार बैलगाडीच्या वेगाने उतरलो. अडीच हजार घेता तर खोकं आणि चार दोऱ्या द्यायला काय होतं?

पावसाळ्यात पडवीच्या पूर्वेकडच्या कडेला, वर पारदर्शक पत्रा, बाजूने वारा मोकळा, असं ठेवायला सांगितलं होतं. शिवाय एक तंबी. "झाड हिरवं आहे म्हणून मला शाबासकी देऊ नका. जुनिपर मेलं तरी कित्येक आठवडे हिरवं दिसतं. गणपती होऊ द्या, मग बोलू." हे खरं आहे आणि भयंकर आहे. रोज सकाळी बघायचं आणि काही कळायचं नाही. गणपतीच्या सुमाराला टोकं फिकी पोपटी झाली, वाढ दिसली, तेव्हा मी फोन केला. फोन उचलला नाही.

हाच मोठा मुद्दा आहे. हा माणूस फोन उचलत नाही. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात कोळी परत आले, फोटो पाठवले, तर उत्तर आलं दिवाळीनंतर: "पाण्याचा फवारा, पानांच्या खालून." ते मी तोवर केलंच होतं, आणि नीमतेलही मारलं होतं. आंब्याच्या तुडतुड्यांशी जन्म गेला माझा, माझं निभावलं. पण घरात पहिलंच झाड असलेल्या माणसाने काय करावं?

पुढच्या थंडीत छाटणी-तारांचं काम. पूर्ण दिवस लागला, सकाळी सुरू केलं ते दिवेलागणीला संपलं. त्याच्या कामाच्या टेबलामागे भिंतीवर गोशिनचं छापील चित्र आहे. अमेरिकेतले बोन्साय गुरू जॉन नाका यांचं अकरा जुनिपरचं वन, एकेक झाड एकेका नातवंडाचं, 1984 पासून वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याबद्दल त्याने इतकं भरभरून सांगितलं, की माझी सोलकढी तशीच राहिली. पण त्याच्यासारखं काही करून दाखवायचा हट्ट त्याने माझ्या झाडावर धरला नाही, हे बरं.

दोन शिंगांचं काय करायचं, हा प्रश्न होता. मला वाटलं होतं एक कापून टाकेल. त्याने मागचं शिंग कापलं नाही. त्याच्या टोकाचा पाला काढला आणि साल सोलून त्याचं वाळकं लाकूड केलं. त्याला बोन्सायवाले जिन म्हणतात. पकडीने लाकडाचे तंतू थोडे थोडे ओढून फाडले, म्हणजे करवतीचा सपाट काप दिसत नाही, वादळाने मोडल्यासारखं दिसतं. खोडाच्या उघड्या राखाडी पट्टीशी ते असं जुळलं, की आता तिथे कधी फांदी होती हे भावोजींनाही फोटोत ओळखता आलं नाही.

दुसरं शिंग वाकवायचं होतं, पाला खोडाजवळ आणायला. फांदी अंगठ्याहून जाड. इथे जपानात राफिया नावाचा पाल्याचा दोरा ओला करून गुंडाळतात. याने केळीच्या सोपटाचे पट्टे पाण्यात भिजवून ठेवले होते. आम्ही गजरे बांधतो तेच सोपट, फक्त रुंद. फांदीवर घट्ट गुंडाळलं, त्यावर चार मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार पंचेचाळीस अंशाच्या तिरक्या वेटोळ्यांत, आणि मग दोन्ही अंगठे खाली लावून तो थांबत थांबत दाबत गेला. एका क्षणी आतून बारीक कर्र आवाज आला. तो थांबला, कान जवळ नेला, तिथून पुढे नेलं नाही. मला अजून दोन बोटं खाली हवी होती. "आज नाही," म्हणाला. पुन्हा तेच.

बारीक फांद्यांचं काम कात्रीने. शेंडे नखाने खुडायचे नाहीत. खुडले की टोकं तपकिरी होतात आणि झाड दमतं. तरी एवढी छाटणी झाल्यावर काही ठिकाणी खवल्यांसारख्या मऊ पाल्याऐवजी काटेरी सुयांसारखा पाला आला. हा जुनिपरचा लहानपणचा पाला, ताण आला की झाड तिकडे परत जातं. हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरले नाही.

चारच गुण का, तर शेंडा. शेंडा त्याने गुळगुळीत गोल केला. खाली वादळात मोडलेलं लाकूड आणि वर नुकतंच केस कापून आलेलं डोकं. मी बोलले, तो म्हणाला दोन वर्षांत मोकळं होईल. होईलही. पण सड्यावर वारा खाल्लेली करवंदं मी रोज बघते, त्यांचे शेंडे असे नसतात.

वाळक्या लाकडाला चुना-गंधकाचं द्रावण लावायला दिलं. कुजलेल्या अंड्याचा वास, दिवसभर पडवीत कोणी बसेना. आम्हाला भुरीसाठी गंधक नवं नाही, पण हे उकळलेलं प्रकरण वेगळंच. आधी पिवळं दिसतं, वाळल्यावर पांढरं. इथल्या दमटपणात उघडं लाकूड कुजतं, म्हणून पावसाच्या आधी आणि नंतर लावा, ढगाळ दिवशी नको, आणि मातीवर फडकं टाकून.

आता दोन गुणांची गोष्ट. तारा मी येऊन काढीन, असं बिल देताना स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता. उष्ण दमट हवेत फांद्या भराभर जाड होतात, तार लवकर रुतते. मे महिन्यात मी बघत होते, तार सालीला टेकली. फोन. निळ्या खुणा. मिरगाचा पाऊस पडून गेला तरी पत्ता नाही. शेवटी मीच बारीक कटरने एकेक वेटोळं तोडून काढलं. उलटी फिरवून काढायची नसते, फांदी मोडते. एका फांदीवर तारेचा पीळ उमटला आहे आणि तो काही वर्षं तसाच राहील. नंतर आला, बघितलं, कान पकडले, चहा प्यायला, आणि पैसे परत द्यायचं नाव काढलं नाही.

आणखी एक खटकलेली गोष्ट. आतल्या मांडवात हा पोरगा मला सांगतो, "काकी, किनाऱ्यावर जुनिपर हौसेचा विषय आहे. नवीन घ्यायचं तर वड घ्या, चिंच घ्या, करवंद घ्या." शंभर टक्के खरं. आणि पुढच्या बाकावर, पावसला दर्शनाला येणाऱ्या पर्यटकांसाठी, चमकदार लहान कुंड्यांत पसरट जुनिपरची रोपं, वर चिकटवलेले पांढरे गोटे आणि "इनडोअर बोन्साय" अशी चिठ्ठी. जुनिपर घरात जगत नाही. त्याला उघड्यावरचं ऊन लागतं. मुंबईच्या टीपॉयवर ते नाताळपर्यंत हिरवं दिसेल आणि तोवर कधीच मेलेलं असेल. मी तोंडावर सांगितलं. "माणसांचे पगार त्यावरच निघतात," म्हणाला. उत्तर प्रामाणिक आहे, पण चिठ्ठी अजून तशीच आहे. तिथून ती रोपं घेऊ नका.

खर्च: कुंडी बदलणं 2,500, छाटणी-तारा पूर्ण दिवसाचे 5,000, तार वजनावर वेगळी, कुंडी 1,800. कुंडी फोटोत निळी दाखवली होती, आली ती करडी. झाडाला करडीच शोभते, तरी विचारायला हवं होतं. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. मागा, म्हणजे वहीच्या पानावर लिहून देतो.

जाणार असाल तर सकाळी जा, दुपारी सड्यावर कातळ तापतो आणि सावली फक्त झाडांना आहे. फोनवर विसंबू नका, थेट जाऊन वहीत तारीख लिहून घ्या. तारा काढायची तारीखही तिथेच, त्याच्यासमोर लिहा. झाड न्यायला खोकं, जुनी चादर आणि मागे बसणारा एक माणूस आपला आपण घेऊन जा. आमच्या गड्ड्याची उरलेली अर्धी बाजू येत्या जानेवारीत करायची आहे, आणि ती मी त्याच्याकडेच देणार आहे. त्याचे पैसे त्याने आगाऊ मागितले, मी दिले नाहीत.